पेर्मेस्सो

पुलाला अकरा पायऱ्या होत्या. चढायला अकरा, उतरायला अकरा. त्या दिवशी मोजल्या नव्हत्या, नंतर मुद्दाम जाऊन मोजल्या. व्हेनिसमध्ये असे चारशेच्या वर पूल आहेत आणि हा त्यातला अगदी साधा, कास्तेल्लो भागातल्या एका अरुंद कालव्यावरचा. दुपारचे तीन वाजले असतील. नोव्हेंबरातलं ऊन, पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ. खाली कालव्याचं पाणी शेवाळी हिरवं आणि त्यात समोरच्या घराची विटकरी भिंत हलत होती. नवऱ्याला मी कठड्याला टेकून उभं केलं होतं आणि पुलाच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, मोबाइल आडवा-उभा करत मागे मागे सरकत होते. मागून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता. कानावर पडत होता, पण डोक्यात शिरत नव्हता. मग अगदी जवळून, हलक्या आवाजात कुणीतरी काहीतरी म्हणालं. वळून बघते तर एक म्हाताऱ्या बाई. ऐंशीच्या घरातल्या. राखाडी कोट, गळ्याशी नीट बसवलेला रुमाल, ओठांवर फिकट लाली, हातात दोन चाकांची कापडी बाजारपिशवी आणि तिच्या तोंडातून बाहेर डोकावणारी कसल्याशा भाजीची पानं. त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला. आणि मी, हे लिहितानाही हात थबकतो, तळहात उभा धरून हलवला आणि म्हणाले, "नो, नो."

त्या काही विकत नव्हत्या. त्यांना घरी जायचं होतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या तर माझं ओझं तिथेच उतरलं असतं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. मग पिशवीची मूठ सोडून ती सरळ कडेवर मूल घ्यावं तशी उचलली आणि कठड्याला अंग घासत माझ्या बाजूने पलीकडे गेल्या. नवरा "सॉरी, सॉरी" म्हणत पुढे झाला, पिशवीला हात घालायला गेला, पण त्यांनी मान हलवून नको म्हटलं. पलीकडच्या उतारावर पुन्हा ठक, ठक. गल्लीच्या वळणावर आवाज बंद झाला. "काय म्हणत होत्या त्या?" नवऱ्याने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. शब्दाचे तुकडे तेवढे कानात राहिले होते. फोटो चांगला आला. त्याच्या पुढचा एक फोटो घाईत चुकून दाबला गेला, त्यात एका कडेला राखाडी कोटाची बाही दिसते. तो मी अजून पुसलेला नाही.

हा हात असा आपोआप का उठतो, याचा मी खूप विचार केला. तीस वर्षं शहरात काढली. सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक झाली, देवळाच्या पायरीवर कुणी हाराची परडी पुढे केली, फलाटावर कुणी काही पुटपुटत जवळ आलं, की ऐकायच्या आधीच हात उठतो. समोरचं माणूस काय म्हणतंय हे कळण्याची गरजच उरत नाही. त्यात लेकीने म्युनिकहून गाडीत बसवताना पाच वेळा बजावलं होतं, आई, तिथे कुणी गुलाब हातात देईल, कुणी मनगटाला दोरा बांधेल, लक्ष देऊ नकोस. तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी त्या गावात पाऊल टाकून दोन तासही झाले नव्हते आणि त्या गावाने माझ्याशी बोललेला पहिला शब्द मी हाताने झटकून टाकला होता.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, गल्लीकडे खिडकी असलेली. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातल्या चमच्यांचा आवाज आमच्या उशाशी. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत, त्यामुळे रात्री तिथे कानांना फार दूरचं ऐकू येतं. पाण्याचं दगडावर हलकं चापट मारणं, दोरखंडाचं करकरणं, आणि चाकं. पहिल्या दोन रात्रींत मला चाकांचे आवाज वेगळे ओळखता यायला लागले. प्रवाशांच्या बॅगेची चार चाकं सलग घरंगळतात, फरशीच्या सांध्यांवरून रेल्वेसारखी खडखड करत जातात, आणि पुलाशी आली की थांबतात, मग कुणीतरी दम घेतं, कुणीतरी हसतं. गावकऱ्यांच्या बाजारपिशवीची दोन चाकं मात्र पुलाशी थांबत नाहीत. त्यांचा ताल तेवढा बदलतो. सपाटीवर सर्रर्र, पायरीवर ठक. सर्रर्र, ठक, ठक, ठक. आयुष्यभर तेच पूल चढून हाताला आलेला ताल.

एकदा ते ऐकू यायला लागल्यावर दुसरंही दिसायला लागलं. आधी मी महाल बघत होते, खिडक्यांच्या कमानी बघत होते. आता मला बोटी दिसायला लागल्या. कपडे धुण्याचं यंत्र बोटीतून येतं. विटा, सिमेंट, लग्नाचा केक, बिअरची पिंपं, सगळं बोटीतून. सकाळी कचरा गोळा करणारा माणूस लोखंडी हातगाडी ढकलत येतो, तिला पुढे दोन लहान चाकं असतात, ती आधी पायरीवर टेकवून मग गाडी रेटायची. रुग्णवाहिका म्हणजे पिवळी बोट. इस्पितळाचं दर्शनी दार संगमरवराचं, पंधराव्या शतकातल्या एका धर्मसंघाच्या वास्तूचं, आणि मागच्या बाजूने ती पिवळी बोट भोंगा वाजवत आत शिरते. इस्पितळाजवळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे सान मिकेलेचं बेट दिसतं, सरूच्या झाडांचं. ते स्मशान. शेवटचा प्रवासही पाण्यावरूनच. मी धक्क्यावर बराच वेळ बसून राहिले. आजारी माणसाला अकरा पायऱ्यांचे तीन-तीन पूल खुर्चीवरून उचलून नेताना काय होत असेल, बाळंतिणीला पहाटे कळा सुरू झाल्या तर बोट किती वेळात येत असेल, हेच डोक्यात.

रिआल्टो पुलाजवळ सान बार्तोलोमेओ नावाचा चौक आहे. तिथे एका औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा लावलेला असतो, दुकानातल्या काट्यावर दिसतो तसा लाल अक्षरांत. व्हेनिसच्या जुन्या शहरात आज किती माणसं राहतात, त्याचा तो आकडा. २००८ साली लावला. १९५१ च्या सुमारास या बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. आम्ही उभे होतो तेव्हा चौकात माणूस माणसाला घासून चाललं होतं आणि काचेतला आकडा एकोणपन्नास हजारांच्या आसपास होता. लोक येत होते, आकड्याचा फोटो काढत होते, पुढे जात होते. मीही मोबाइल काढला, आणि परत पर्समध्ये ठेवला. मला त्या आकड्यात त्या बाई दिसायला लागल्या होत्या. आकड्यातल्या त्या एक.

माझं माहेर अलिबागजवळचं नागाव. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत विहीर आहे, विहिरीवर जुना रहाट आहे, आता तो फिरत नाही पण काकूने काढू दिलेला नाही. लहानपणी वाडीतून समुद्रावर जायची गल्ली म्हणजे दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे आणि मधे एक बैलगाडी जाईल एवढी वाळू. मुंबईहून माणसं यायची ती लाँचने मांडव्याला, मग एस्टीने. आता रो-रो बोट आहे, गाडीसकट माणूस तासाभरात मांडव्याला उतरतो. शनिवारी सकाळी आमच्या त्या गल्लीत गाड्यांची रांग लागते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हलत नाही. त्यावर गाव पोट भरतंय, हेही खरं. काकूनेच माजघराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, न्हाणीघर फरशीचं केलं, भावाच्या मुलाचं शिक्षण त्यावर झालं. त्यामुळे पाहुणे नकोत असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पण काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी गेले होते तेव्हाचं आठवतं. काकू विहिरीवर पाणी काढत होती. तिथे उतरलेला एक मुलगा मोबाइल धरून म्हणाला, "काकी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." काकू कळशी तशीच ठेवून बाजूला झाली. स्वतःच्या विहिरीवरून. मी केवढी संतापले होते. त्या मुलाला नाही, पण रात्री काकूला म्हटलं, तू का सरकलीस? ती म्हणाली, "अगं, त्याचा फोटो व्हायचा होता."

त्या मुलाला मी कधी माफ केलं नव्हतं. व्हेनिसमध्ये तो मला फार वेळा आठवला.

विहिरीवरून आठवलं. व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक चौकात, चौकाला ते काम्पो म्हणतात, मधोमध एक कोरीव दगडी काठाची विहीर असते. सगळ्यांवर आता लोखंडी झाकणं. मला आधी वाटलं, समुद्रात विहिरी खोदून पाणी मचूळ लागत नसेल का? आमच्याकडे जानेवारी उलटला की वाडीच्या खालच्या अंगाच्या विहिरी मचूळ होतात, चहा नासतो. मग कळलं की या विहिरीच नव्हेत. चौक खणून खोल खड्डा करायचा, त्याला आतून चिकणमातीचं जाड अस्तर लावायचं म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही, मधे विटांची उभी नळी बांधायची आणि भोवती वाळू भरायची. चौकाची फरशी किंचित उताराची, तिला चार कोपऱ्यांत छिद्रं असलेले चार दगड. पाऊस पडला की पाणी त्या छिद्रांतून वाळूत, वाळूतून गाळत गाळत मधल्या नळीत. अख्खा चौक म्हणजे एक मोठं गाळणं. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही अशा जागी शेकडो वर्षं माणसं आभाळाचं पाणी साठवून राहिली. १८८४ साली जमिनीवरून नळाने पाणी आलं आणि झाकणं बसली. एका विहिरीच्या दगडी काठावर दोराने पडलेल्या खाचा होत्या. बोट घातलं तर पेर आत गेलं. काकूच्या विहिरीच्या काठावरही तशाच खाचा आहेत. मला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली. कारण घरची माणसं पुलावर वाट अडवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे सान मार्को चौकात पाणी आलं. माझी कल्पना होती की उधाणाचं पाणी समुद्राकडून धावत येत असेल. तसं नाही. ते पायाखालून येतं. फरशीतल्या गटाराच्या भोकांतून बुडबुड करत, स्वच्छ, थंड, अगदी सभ्यपणे वर येतं आणि पसरतं. आधी आरशाएवढं, मग अंगणाएवढं, मग चर्चचे घुमट त्यात उलटे. माझा नवरा पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. चर्चपेक्षा त्याला समुद्रातल्या दरवाजांचं जास्त वेड. २०२० च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा उधाण अडवायला वापरले. खाडीच्या तीन मुखांशी तळाला ७८ पोलादी दरवाजे निजवून ठेवलेत. पोटात पाणी भरलेलं, म्हणून निजलेले. मोठं उधाण येणार असं कळलं की त्यांच्यात दाबाची हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं, आणि दरवाजे हलके होऊन बिजागरीवर उभे राहतात. "झोपलेलं माणूस उठून दाराशी उभं राहावं ना, तसं," तो म्हणाला. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटीमीटर चढलं होतं आणि २०१९ च्या १२ नोव्हेंबरला १८७. आम्ही पाहिलं ते पाणी त्यापुढे काहीच नव्हे, दरवाजे उचलायची गरज नसलेलं, घोट्याएवढं. दुकानदार खांद्यावर झाडू टाकून ते ओसरायची वाट बघत उभे होते. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उत्साहही नव्हता. उत्साह आम्हा पाहुण्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यातल्या काही जणी नवे झगे घालून त्या पाण्यात फिरत होत्या.

पाणी ओसरेपर्यंत वेळ काढायला म्हणून आम्ही चौकातल्याच कोर्रेर संग्रहालयात शिरलो. नाण्यांच्या दालनापाशी मी खरं तर पाय दुखले म्हणून थांबले. काचेखाली सोन्याचं एक पातळ नाणं होतं, नखाएवढ्या आकृत्यांचं. डावीकडे एक पुरुष उभा, उजवीकडे दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून, दोघांच्या मधे झेंड्याचा उभा दांडा. शेजारी तेच नाणं उलट्या बाजूने ठेवलेलं, त्यावर एक लांबट वर्तुळ, त्यात भोवती चांदण्या आणि मधे उभी एक आकृती. माझा हात गळ्याशी गेला. तिथे साखळीत हेच होतं. माझ्या आजीची पुतळी.

आजीकडे पुतळ्यांची माळ होती, चोवीस पुतळ्यांची. दसऱ्याला आणि लग्नाकार्याला घालायची, एरवी ती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. आजी गेल्यावर सहा नातींना चार-चार आल्या. लहानपणी दुपारी ती पुतळ्या चिंचेच्या पाण्याने उजळायला बसली की मी शेजारी. एकेक पुतळी नखाने दाखवत ती सांगायची, "हा उभा तो राम. हा गुडघ्यावर बसलाय तो मारुती. मधे काय? धनुष्य. आणि उलटी कर, ही बघ सीतामाई, चांदण्यात उभी." मी पन्नाशी उलटेपर्यंत तो राम आणि तो मारुतीच होता. काचेखालच्या मजकुराने सांगितलं की उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षक. गुडघ्यावर आहे तो डोज, व्हेनिसचा प्रमुख, संताकडून झेंडा घेणारा. आणि चांदण्यांत उभा आहे तो येशू. १२८४ साली हे नाणं पाडायचं ठरलं आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत, पाचशे वर्षं, डोजचं नाव सोडलं तर चित्र तेच, सोनं तेच, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ते अलेक्झांड्रियावरून, तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला यायचं. त्याच्यावरच्या माणसांच्या आकृत्यांवरून आपण त्याला पुतळी म्हटलं. शिवकालीन खजिन्याच्या यादीत होन आणि मोहरांच्या पंगतीला पुतळी बसलेली आहे. मग आपल्याकडच्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, माळेत ओवायला. माझी पुतळी तशीच. मी ती साखळीतून काढून काचेशी धरली. मूळ नाण्याच्या कडेला लॅटिन अक्षरं आहेत. आमच्या सोनाराला ती वाचता येत नव्हती, त्याने त्या जागी बारीक ठिपके पाडलेत, रांगोळीचे पाडावेत तसे, सावकाश, एकही न चुकवता.

हे नाणं जिथे पाडलं जायचं ती टांकसाळ चौकाच्या पलीकडे पाण्याच्या काठावर अजून उभी आहे, तिथे आता ग्रंथालय आहे. तिला म्हणतात त्सेक्का. अरबी 'सिक्का' या शब्दाचं ते इटालियन रूप. म्हणजे आपला सिक्का, आपला शिक्का. मला गंमत वाटण्याऐवजी तिथे डोळ्यांत पाणी आलं, आणि नवऱ्याला कारण सांगता येईना. आजीला तो संत ठाऊक नव्हता, ते गाव ठाऊक नव्हतं, ती भाषा कळत नव्हती. तिच्या हातात एक अनोळखी माणूस आला आणि तिने त्याला राम केलं, गळ्यात घातलं, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. मी तिची नात. माझ्यासमोर त्याच गावचं एक जितंजागतं माणूस आलं, माझ्याशी बोललं, आणि मला त्यात काय दिसलं?

नवऱ्याने विषय बदलावा म्हणून मनुचीची गोष्ट काढली. निकोलाव मनुची याच गावचा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना घरातून पळून जहाजात लपला आणि पुढे फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचला, तो परत कधी इकडे आला नाही. १६६५ साली तो मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता, पुरंदरच्या वेढ्याच्या वेळी, आणि तिथे शिवाजी महाराजांशी बोलणं झाल्याचं त्याने लिहून ठेवलंय. महाराजांनी त्याच्याशी युरोपातल्या राजांविषयी गोष्टी केल्या. मला हे शाळेपासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते वेगळंच लागलं. महाराजांच्या आयुष्यातला तो किती अवघड आठवडा. किल्ले द्यावे लागत होते. त्यातही समोर आलेल्या एका परक्या तरुणाला त्यांनी जवळ केलं आणि तिकडची हकिगत ऐकून घेतली.

त्या शब्दाचा अर्थ मला संध्याकाळी कळला. विया गारिबाल्दीवर, तो कास्तेल्लोतला एक रुंद रस्ता, मूळचा कालवाच, नेपोलियनच्या काळात बुजवलेला, एक भाजी-फळांचं दुकान आहे. दुकानातला मुलगा आम्हाला बघून म्हणाला, "इंडिया? आइए, आइए।" बांगलादेशातला, किशोरगंजकडचा. मेस्त्रेला, म्हणजे पुलापलीकडच्या जमिनीवर, आठ जणांत राहतो, पहाटेच्या बसने येतो, रात्रीच्या बसने जातो. इथल्या कितीतरी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत त्याच्याच देशातली पोरं राबतात. संत्री मोजून देताना तो म्हणाला, आमच्याकडेही पावसाळ्यात नावेनेच बाजाराला जातो, त्यामुळे इथे पहिल्या दिवशी मला रडू आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं. मी त्याला पुलावरचा प्रसंग सांगितला, शब्दाचे तुकडे जुळवून म्हणून दाखवले. त्याने संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. "पेर्मेस्सो," तो म्हणाला. "मतलब, रास्ता दीजिए।" मग जरा थांबून, "किसी के घर में अंदर जाते हैं ना, दरवाज़े पे खड़े होके, तब भी यही बोलते हैं। आऊँ क्या, ऐसा।"

येऊ का?

म्हणजे त्या बाई माझ्याकडे परवानगी मागत होत्या. त्यांच्या गावात, त्यांच्या घराच्या वाटेवर, हातातल्या भाजीसकट, मला विचारत होत्या, येऊ का.

दुसऱ्या दिवशी २१ नोव्हेंबर होता. हे आम्ही ठरवून नव्हतं केलं, खोलीच्या मालकीणबाईंनी सकाळी सांगितलं की आज आमचा साल्युतेचा सण, आज जाऊन या. १६३० साली इथे प्लेग आला तेव्हा शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. त्या ऑक्टोबरात डोजने नवस केला की साथ गेली तर मेरीमातेचं देऊळ बांधीन. साथ गेली. चिखलात दहा लाखांहून अधिक लाकडी खुंट ठोकून, असं सांगतात, त्यावर साल्युतेचं चर्च उभं राहिलं. लोंगेना नावाच्या स्थपतीने आयुष्य त्यात घातलं आणि १६८७ मध्ये ते पुरं झालं तेव्हा तो हयात नव्हता. आजही दर वर्षी या दिवशी गाव नवस फेडायला जातं. मोठ्या कालव्यावर तेवढ्यापुरता तरंगता पूल टाकतात आणि सगळे चालत पलीकडे. माझी पणजी पुण्यात प्लेगमध्ये गेली. तिची गोष्ट आमच्याकडे 'घर सोडून झोपडीत राहायला गेले तेव्हा' अशी सुरू व्हायची आणि आजी ती कधी पुरी करायची नाही. पूल ओलांडताना ते आठवत होतं.

आणि त्या पुलावर पहिल्यांदा मला गाव भेटलं. आजोबांचा हात धरलेली नातवंडं, शाळेतून थेट आलेली मुलं, नर्सचे कपडे घातलेली एक बाई, मोडक्या छत्रीचा एक काका, सगळे एकमेकांना नावाने हाका मारत होते. पलीकडे अगदी आपली जत्रा. मेणबत्त्यांचे स्टॉल, फुगे, तळणीचा आणि साखरेचा वास. चर्चच्या आत धूर आणि ऊब. मेणबत्ती आपण लावायची नाही, ती पुढे करायची, सेवेकरी पेटवून ओळीत लावतात, आणि मागून इतक्या येतात की तुमची दोन-चार मिनिटं जळली की विझवून काढतात. कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. आम्ही दोन घेतल्या, दिल्या. माझी कुठली ते मला लगेचच ओळखू येईना.

दारातून आत जाताना मी तो शब्द पुटपुटले होते. कुणाला ऐकू गेला नाही. बाहेर पडताना मात्र गर्दीत अडकलो. समोर एक वृद्ध जोडपं, खांबाशी उभं राहून वर घुमटाकडे बघत होतं. मी म्हटलं, "पेर्मेस्सो." मोठ्याने, आणि नक्कीच चुकीच्या हेलात. त्या बाईंनी वळून पाहिलं, नवऱ्याची बाही धरून त्याला बाजूला ओढलं, आणि हसून काहीतरी म्हणाल्या. त्या माझ्या बाई नव्हत्या. मी मात्र गेल्या चार दिवसांत प्रत्येक राखाडी कोटाकडे बघत होते, आणि तो पूल दोनदा जाऊन मोजून आले होते. त्या भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर मी काय म्हणणार होते तेही ठरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचलाच जाग आली. बॅगा रात्रीच भरून दाराशी ठेवल्या होत्या. धुकं इतकं होतं की समोरच्या घराची खिडकी दिसत नव्हती, फक्त तिच्यातला दिवा. दूर कुठेतरी बोटीचा भोंगा. मग गल्लीत सर्रर्र असा आवाज आला, दोन चाकांचा. आमच्या खिडकीखालून गेला, आणि पुलाकडे वळला. मी उठून बसले आणि नकळत मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहाव्या पायरीला थोडा दम घेतला, मग पुन्हा. अकरा. मी श्वास धरून बसले होते. वर माथ्यावर तो आवाज थांबला नाही. दोन पावलं सर्रर्र, आणि पलीकडच्या उतारावर ठक, ठक, ठक.